पाय क्रमांक तीन

"बायको कान लावून बसायची तेच बरं होतं. ती निदान बॅटरीचं पाणी तरी पीत नव्हती."

सर्जेराव डुबल बॉनेटवर वाकून हमीदजवळ कुरकुरत होते आणि ती बायको त्याच गाडीच्या पोटाखाली गोणपाटावर उताणी पडून पाण्याच्या पाइपाचा जोड तपासत होती. वैजयंताच्या नाकावर ऑइलचा थेंब पडायच्या बेतात होता. खालूनच एक झणझणीत उत्तर द्यावं म्हणून तिनं तोंड उघडलं, एवढ्यात हमीदनं आवाज उतरवला.

"वहिनीला सांगितलंस का?"

"हळू बोल की."

"हळू काय? पासिंग तोंडावर आलंय."

"हमीद, गप."

वैजयंतानं तोंड मिटलं. गाडीच्या खालच्या फटीतून तिला पायांच्या दोन जोड्या दिसत होत्या. हमीदच्या झिजलेल्या चपला, आणि सर्जेरावांचे नाडीचे बूट. जन्मभर हा माणूस करकरणाऱ्या चपलांशिवाय दुसरं काही घालत नव्हता. लग्नातसुद्धा बूट नको म्हणून रुसला होता. यंदा कधीतरी त्यानं आपणहून बूट आणले, नाड्या कचकचून बांधायला लागला. तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आता पाठीखालचं गोणपाट टोचायला लागलं. पन्नाशी उलटल्यावर माणूस बूट घालायला लागतो तो कुणासाठी?

पायांच्या दोन्ही जोड्या बोलत बोलत लांब गेल्या. थेंब नाकावर पडला.

डुबलांचं गॅरेज कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुपन्याच्या अलीकडं. हमीद मुजावर त्यात निम्म्याचा भागीदार, सर्जेरावांचा शाळेपासूनचा दोस्त. एकेकाळी दारात गाड्यांची रांग असायची. मग लोकांच्या गाड्या विजेवर गेल्या, स्वतःच्या स्वतः चालायला लागल्या, आणि पेट्रोलच्या गाड्या उरल्या त्या हौशी माणसांकडं आणि अडल्या माणसांकडं. पंपावर मिळणारं पेट्रोलही उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाला वाढल्यासारखं पातळ झालं, खानावळ बंद व्हायच्या वेळची आमटी जशी.

सर्जेराव मात्र टिकून होते, ते कुंभार्ली घाटामुळं. घाटात धुकं उतरलं की त्या शहाण्या विजेच्या गाड्यांना पुढचं दिसेनासं होई, आणि दिवे लुकलुकवत त्या कडेला उभ्या राहत. माणसांना तर रोज कामावर जायचं असे. म्हणून सर्जेरावांची टर्बोवाली सात सीटर गाडी सकाळी माणसं भरून घाट उतरायची आणि संध्याकाळी घाट चढून परत आणायची. शाळेतल्या बाई, धरणावरचे कामगार, दवाखान्यातल्या नर्स. सीटवर माणसं भरून नेणाऱ्या असल्या गाडीला जुन्या लोकांच्या तोंडी अजून वडापच. सर्जेरावांना तो शब्द आवडत नसे. ते म्हणत, "मी माणसं पोचवतो."

पातळ पेट्रोल आणि टर्बो यांचं मात्र जमत नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते. घाट चढताना इंजिनावर भार आला की आत भट्टीच होते. ठिणगीनं लावलेली आग सगळीकडं पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं थोडं पेट्रोल आपल्या मनानं भडकतं, आणि पिस्टनच्या माथ्यावर घण बसल्यासारखा ठोका पडतो. बाहेरच्याला वाटतं, डब्यात खडे वाजताहेत. असे ठोके पडत राहिले तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं आणि गाडी वळणावर जिथल्या तिथं मरते.

यावर इलाज आहे पाणी, बॅटरीत घालतात तसलं शुद्ध. टर्बोतून आलेल्या हवेत पाण्याचा धुक्यासारखा फवारा सोडायचा. त्याची वाफ होते आणि होताना ती आतली उष्णता ओढून घेते. माठ पाझरतो म्हणून माठातलं पाणी गार राहतं, त्यातलाच हा प्रकार. हवा थंड झाली की ठोका थांबतो. पण पाणी कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त पडलं तर ठिणगीच विझते. किती आणि केव्हा सोडायचं यातच सगळी मेख.

ती मेख वैजयंताला कुठल्या कॉलेजात कळली नव्हती. तिनं इंजिनाला तांब्याची चपटी नळी बोल्टनं आवळली होती, नळीला रबरी पाइप जोडून तो खिडकीतून आत घेतला होता आणि त्याची दोन टोकं कानांवर बसणाऱ्या जाड वाट्यांत बसवली होती. सर्जेराव गाडी घाटावर घालायचे, ती शेजारी कान लावून बसायची. ठोक्याची पहिली चाहूल लागली की त्यांच्या गुडघ्यावर एक टिचकी: रेस सोडा. तळहात ठेवला की: असंच धरा. मग कडेला थांबून पाण्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि पुन्हा तोच चढ. कानांवर वाट्या असल्यामुळं बोलायची सोयच नसे. त्या दोघांच्या संसारातलं बरंचसं महत्त्वाचं बोलणं कुंभार्ली घाटात, एक शब्द न उच्चारता झालं होतं. मुलगी होणार ही बातमीसुद्धा तिनं चढावरच, गुडघ्यावर नको तिथं जास्तीच्या टिचक्या मारून दिली होती, आणि ह्यांनी घाबरून गाडी थांबवून "पिस्टन गेला का?" म्हणून विचारलं होतं.

मग डबी आली.

तिनंच आणली. पुण्याच्या पोरांनी बनवलेली, हाताच्या पंज्याएवढी काळी डबी. ती इंजिनाला चिकटून ठोके ऐकायची, आणि वैजयंतापेक्षा चांगले ऐकायची. तेवढ्यावर थांबती तरी ठीक होतं. पण ठोका ऐकू येऊन पंप सुरू व्हायचा, पाणी पाइपातून नोझलपर्यंत पोचायचं, तोवर आणखी ठोके पडून गेलेले असत. म्हणून पोरांनी डबीला पुढचं शिकवलं. चालवणारा रेस दाबणार आहे हे दाबायच्या आधीच ओळखायचं. प्रत्येकाचा पाय वेगळा. कुणी दाबण्याआधी किंचित सोडतो, कुणी दोनदा चाचपतो, कुणी एकदम आदळतो. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा डबी पायावरून माणूस ओळखते, त्याची सवय शिकते आणि त्याच्या मनात यायच्या आधी पाणी तयार ठेवते. डबी बसवली त्या दिवसापासून घाट निर्धास्त झाला. वैजयंताचं शेजारच्या सीटवरचं काम संपलं. कानाच्या वाट्या खिळ्याला टांगल्या गेल्या आणि तिच्या जागेवर पेंढारकर बाई बसायला लागल्या. चिपळूणच्या अलीकडं अलोऱ्याच्या शाळेत शिकवायच्या. तोंडानं अखंड बोलणाऱ्या.

गोणपाटावरून उठून वैजयंतानं हात पुसले. जोड कोरडा होता. गळती कुठंच नव्हती. मग पाणी जातंय कुठं?

खरा प्रश्न रोजच्या घाटाचा नव्हताच. प्रश्न गुरुवारचा होता. दर गुरुवारी सर्जेराव दुसऱ्या गाडीवाल्याला माणसं देऊन सांगलीला पार्ट आणायला जात. सांगलीचा रस्ता ताटासारखा सपाट. इंजिनावर भार नाही, म्हणजे पाण्याला हात लागायचं कारण नाही. तरी गुरुवारी संध्याकाळी पाण्याची टाकी बघावी तर तळाशी वाटीभर.

"कुठं कुठं जाऊन आलात?" तिनं चहा पुढं करत विचारलं होतं.

"सांगली. आणि कुठं जाणार?"

"पार्ट मिळाला?"

"पुढच्या गुरुवारी म्हणालाय."

"हा पार्ट काय बैलगाडीनं येतोय का?"

सर्जेराव हसले होते. चहाचा कप मात्र त्यांनी हातात घेतला नव्हता. "ठेव तिथं, गरम हाय," म्हणाले होते.

सपाटीला पाणी खर्च होत नाही. खर्च झालं, म्हणजे गाडी घाटावर गेली. गुरुवारी, बिनमाणसांची, घाटावर. घाटापलीकडं चिपळूण. वैजयंतानं चिपळुणात कोण कोण असेल याचा विचार सुरू केला आणि तिच्या लक्षात आलं की आपण नाडीच्या बुटांना साडी नेसवायला निघालो आहोत. तिनं लॅपटॉप उघडला आणि डबीची वायर जोडली. उगाच माणसावर आळ कशाला, डबीलाच विचारावं.

डबी म्हणाली, सपाटीवरच पाणी सोडलं. घाट नाहीच. वैजयंतानं श्वास सोडला. मग तिनं 'चालक' असं लिहिलेलं पान उघडलं आणि सोडलेला श्वास परत घ्यायचा राहून गेला.

पाय क्रमांक एक, म्हणजे सर्जेराव. डबीच्या म्हणण्याप्रमाणं दिवाळीनंतर त्यांनी ही गाडी चालवलेलीच नव्हती.

पाय क्रमांक दोन, हमीद. अधूनमधून.

पाय क्रमांक तीन. रोज. घाटात, सपाटीला, गुरुवारी, सगळीकडं. नाव नोंदवलेलं नाही. आणि त्यापुढं डबीनं लिहिलं होतं: 'अंदाज येत नाही. खबरदारी म्हणून आगाऊ पाणी.'

ज्या पायाचा भरवसा नाही त्याच्यासाठी डबी आधीच पाणी मारून ठेवत होती. सपाटीला, गरज नसताना, सारखी. वैजयंताला डबीचं पटलं. अनोळखी माणूस गाडी चालवत असेल तर तिनंही तेच केलं असतं.

पण कोण?

तिनं गाडी हुंगली. अत्तर नाही, पेंढारकर बाईंच्या तेलाचा वास नेहमीचा. मागच्या सीटवर लांब केस सापडला, पण मागं बसणाऱ्या निम्म्या बायकाच. ड्रायव्हरची सीट मात्र बरीच पुढं सरकवलेली होती. सर्जेराव ताडमाड. त्यांचे गुडघे अशा सीटवर स्टिअरिंगला लागतील. म्हणजे चालवणारं माणूस बुटकं. तिनं सीट मागं केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा पुढं होती.

पेंढारकर बाईंना तिनं रस्त्यावर गाठलं.

"बाई, गाडी हल्ली कोण चालवतं हो?"

"म्हणजे? काका चालवतात की." बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "काकाच चालवतात."

"तुम्ही पुढं बसत नाही वाटतं आता?"

"पुढं ऊन लागतं हो."

"घाटात? धुक्यात?"

अखंड बोलणाऱ्या पेंढारकर बाई गप्प झाल्या. मग "येते हं, पोरांच्या वह्या तपासायच्यात," म्हणून भरभर चालायला लागल्या. त्या वेळी शाळेला सुट्ट्या होत्या.

मुलीला फोन केला. ऊर्मिला पुण्यात असते.

"आई, तू पप्पांच्या मागं नको लागूस गं."

"मी कुठं लागले? एवढंच विचारलं, त्यांचं काही चाललंय का."

"काय चालायचंय? घेऊ दे त्यांना जरा सावकाश."

"काय सावकाश?"

"आई, नेटवर्क जातंय बघ."

नेटवर्क जायचे दिवस कधीच सरले होते. वैजयंता फोनकडं बघत राहिली. नवरा, भागीदार, मुलगी, वडापमधल्या बाई. सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट या गॅरेजभर फिरत होती आणि ती जवळ गेली की दाराआड होत होती.

गुरुवारी सर्जेरावांनी किल्ली घेतली तेव्हा ती पदर खोचून आधीच शेजारच्या सीटवर बसलेली होती. मांडीवर कानाच्या वाट्या.

"हे काय?"

"मी येते सांगलीला. साड्या बघायच्यात."

"आणि ते कानाला लावून साड्या बघणार?"

"पाणी जातंय म्हणताय ना? ऐकते कुठं जातंय ते."

"वैजू, उगं कशाला दगदग? पुढच्या—"

"पुढच्या गुरुवारी पार्ट येणार हाय. साड्या आजच बघायच्यात."

सर्जेराव थोडा वेळ दार धरून उभे राहिले. मग बसले. सीट तिनं पुन्हा मागं करून ठेवली होती. ती त्यांनी खालचा दांडा ओढून पुढं घेतली. गुडघे स्टिअरिंगला लागले. वैजयंतानं ते पाहिलं आणि मान खिडकीकडं वळवली.

रस्ता सुरू झाला. इतक्या वर्षांनी कानांवर वाट्या बसल्या आणि जग पुन्हा मागं हटलं. इंजिन छान गुणगुणत होतं, ठोक्याचं नाव नाही. पण त्या गुणगुणण्याच्या वर पंपाची टिकटिक होती. टिक टिक टिक टिक. सपाट रस्ता, दोन्हीकडं ऊस, एका लयीत चाललेली गाडी, आणि पंप मात्र घाबरलेल्या माणसाच्या छातीसारखा धडधडतोय. तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. चालक: पाय क्रमांक तीन.

तिनं शेजारी पाहिलं. शेजारी सर्जेराव होते. दुसरं कुणी नव्हतं.

मग तिनं खाली पाहिलं. नाड्या कचकचून आवळलेल्या, पण गाठीच्या वर उरलेली दोन टोकं होती. ती टोकं हलत होती. रस्त्याच्या हादऱ्यानं हलावी तशी नव्हे. हादरा केव्हातरी येतो, केव्हातरी नाही. ही बारीक, सारखी, न चुकता. पंपाच्या टिकटिकीच्या तालात. जवळ घेतलेल्या सीटचा आधार मांडीला देऊन सर्जेराव तो पाय दाबून धरायला बघत होते, आणि पाय ऐकत नव्हता.

डबी खोटं बोलली नव्हती. तिला शिकवलेला पाय दिवाळीनंतर खरोखरच गाडीत आला नव्हता. त्याच्या जागी दुसरा आला होता, जो दाबायच्या आधी अडखळत होता आणि दाबल्यावर थरथरत होता. हाच माणूस तोच माणूस आहे, हे डबीला कोण सांगणार?

वैजयंतानं वाट्या काढल्या नाहीत. वाट्या असल्या की बोलावं लागत नाही. आणि ऊस मागं जात असताना एकेक गोष्ट तिच्या अंगावर यायला लागली. पाय आवळून धरायला आणलेले बूट. गरम आहे म्हणून न धरलेला कप. पोहे खाताना टेबलाला टेकवलेलं कोपर. गाडीतल्या पाण्याच्या टाकीवर सर्जेराव ती भरल्याची तारीख खडूनं लिहीत. ते अक्षर महिन्यागणिक बारीक होत मुंगीएवढं झालं होतं. रात्री त्यांनी आपला पाय तिच्या पायांखाली दाबून झोपायला सुरुवात केली होती, आणि उतारवयात प्रेमाला भरती आली असं समजून ती अंधारात चक्क लाजली होती.

दुसऱ्याच्या गाडीत सुई पडली तर तिला ऐकू यायची. हे सगळं तिनं पाहिलं होतं. पाहून, प्रत्येकाला आपल्या मनानं एकेक बरं नाव देऊन ठेवलं होतं. चिपळूणची बाईसुद्धा तिला त्यातल्या त्यात सोयीची वाटली असावी. बाईशी भांडता येतं.

सांगलीत त्यांनी तिला कापडपेठेजवळ उतरवलं. "तू साड्या बघ. मी पार्टचं बघून आलो." गाडी मिरजेच्या रस्त्याला वळली. या भागातला माणूस मिरजेला एक तर तंतुवाद्य घ्यायला जातो, नाही तर दवाखान्यात. सर्जेरावांना गाण्याचा कान नव्हता.

ते परत आले तेव्हा तिनं साडी घेतली नव्हती आणि त्यांच्याकडं पार्ट नव्हता. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. भडंगाची पुडी घेतली. पुडी सर्जेरावांच्या हातात कुरकुरायला लागली तशी त्यांनी ती मांडीवर ठेवली, आणि तिनं आपल्या हातानं उचलून मधे धरली. दोघं त्यातून खात राहिले. तेव्हा बोलता आलं असतं. भडंग तिखट आहे एवढंच ती बोलली.

शनिवारी हमीद लॅपटॉपपाशी येऊन उभा राहिला. हातात पाना, पण काढायला नट काही नव्हता.

"वहिनी, ते डबीतलं... दोन पाय एकात जोडता येतात म्हणं?"

"कुठले दोन?"

"आता कुठले... एक आणि तीन."

"तुला कधीपासून ठाऊक हाय, हमीदभाई?"

"मला? मला काय ठाऊक असायचंय? सर्जा म्हणाला, वहिनीला विचार. मंगळवारी पासिंग हाय. आरटीओत आता डबी वाचतात. माणसं नेणाऱ्या गाडीवर बेनावाचा पाय निघाला तर गाडी तिथंच उभी करतील. जोडलं की प्रश्न मिटला. पाणी पण कमी पिईल."

"आणि घाटात?"

हमीदनं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. इंजिनातलं त्याला कळत होतं. जोडायचं म्हणजे डबीला सांगायचं की थरथर म्हणजे काही नाही, दुर्लक्ष कर. मग ती पुन्हा निर्धास्त होईल, पाणी राखून सोडेल. आणि वळणावर सर्जेराव खरंच रेस दाबतील तेव्हा डबी तेही थरथरच समजून उशीर करील. ठोके पडतील. पण ते ठोके वैजयंताला फारसे छळत नव्हते. पिस्टन बदलता येतो. तिला छळत होती दुसरी गोष्ट, आणि ती हमीदच्याही डोळ्यांत दिसत होती. रेसचा पाय तोच ब्रेकचा पाय. सकाळी घाट उतरायचा असतो, भरलेल्या गाडीनं, धुक्यात. डबीला फक्त रेस कळायची. ब्रेकसाठी तिच्याकडं पाणी नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"कसले डॉक्टर?" हमीद म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले म्हणून तो पाना धुवायला गेला. पाना कुणी धूत नाही.

रविवारी दुपारी सर्जेराव स्वतःच आले. बाकावर तिच्याशेजारी बसले, उजव्या पायावर डावा पाय टाकून, घट्ट.

"हमीद बोलला का?"

"बोलला."

"मग जोड की. दोन बटनांचं तर काम."

"हो."

"वैजू, गोळ्या घेतोय. आज बरं हाय. कालच्यापेक्षा बरं हाय. माणसं पोचवण्याशिवाय मला दुसरं काय येतंय? तू आणि हमीद गॅरेज बघाल. मी काय करू, दारात खुर्ची टाकून जाणाऱ्या गाड्या मोजू?"

ती लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली.

"कुणाला सांगितलं नाही, म्हणजे झालेलं नाही असंच चाललंय ना सगळं? चालू दे की आणखी थोडं."

तिनं त्यांच्या वरच्या पायावर तळहात ठेवला. खालच्या पायाची थरथर दोन्हींच्या वजनाखालूनसुद्धा तिला जाणवली. "उद्या सकाळी जोडते," ती म्हणाली. तिला खरंच जोडायचं होतं. तिनं त्या एका दुपारी स्वतःला सगळं पटवलं: आगाऊ पाणी थोडं वाढवून ठेवू, उतारावर दुसऱ्या गिअरची सवय लावू, पुढच्या वर्षी बघू.

सोमवारी माणसं वेळेवर आली. धुकं आज कराडपासूनच होतं. घाटात काय असेल ते वेगळं सांगायला नको होतं. सुट्ट्या संपल्या होत्या. पेंढारकर बाई मागच्या सीटवर खिडकीपाशी बसल्या, दोन नर्स, धरणावरचे तिघं. पुढची, सर्जेरावांच्या शेजारची सीट रिकामी. मागं तिघांच्या जागेत चौघं दाटीवाटीनं बसले होते, पण पुढं कुणी येत नव्हतं. वैजयंतानं ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. हेही सगळे गप्प. काका इतकी वर्षं पोचवतात, काकांना कसं म्हणायचं. म्हणून आपापल्या परीनं मागं सरकलेले.

सर्जेराव स्टिअरिंगवर बसले होते, दार उघडं. हमीद दिव्याच्या खांबाला टेकून. लॅपटॉप बॉनेटवर. तिनं पान उघडलं, दोन पाय निवडले. डबीनं विचारलं:

'पाय क्रमांक एक आणि पाय क्रमांक तीन एकाच व्यक्तीचे आहेत का?'

खाली दोन चौकोन. होय. नाही.

वैजयंताचं बोट 'होय'वर गेलं. खरं तेच होतं. ह्याच माणसाचे दोन्ही पाय. तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? पण 'होय' म्हटलं की डबी तिसरा पाय विसरणार, आणि ही गाडी धुक्यात उतरणार. 'नाही' म्हटलं तर तो अनोळखी ठरणार, आणि उद्या आरटीओत कुणीतरी परका माणूस तिच्या नवऱ्याला विचारणार, हा कोण. डबीला बापडीला तेवढंच विचारता येत होतं. तिच्याजवळ तिसरा चौकोन नव्हता.

"झालं का?" सर्जेरावांनी विचारलं. हसतच, पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी झाली होती.

"काकू, उशीर होतोय," मागून एक नर्स हळूच म्हणाली. तिच्या आवाजात घाई मुळीच नव्हती.

हमीद जमिनीकडं बघत होता. पेंढारकर बाई खिडकीच्या काचेकडं, जिच्यातून धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. सगळे कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबलेले, आणि कुणी बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री.

वैजयंतानं लॅपटॉप मिटला. बॉनेटला वळसा घालून ती ड्रायव्हरच्या दाराशी आली आणि खाली वाकली, त्यांचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर येईल इतकी. मागच्या माणसांना ऐकू जाईल की नाही याचा तिनं विचार केला, आणि आवाज उतरवला नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कंपवात झालाय. ह्या माणसांना घेऊन आता घाट उतरायचा नाही."